गडद अभ्रे, पिवळे दिवे

माणसाचं वय जन्माच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं, असं सरकार समजतं. मी कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढे एका फार्महाउसचा केअरटेकर आहे, आणि माझ्या अनुभवानं ते उशीच्या अभ्र्यावर लिहिलेलं असतं. पाहुणे सकाळी नाश्त्याला बसले की मी खोल्या आवरतो. पांढऱ्या अभ्र्यावर डोक्याच्या जागी काळपट तांबूस ढग उमटला असेल, तर समजायचं की पाहुणा साठीच्या पुढचा आहे आणि कलप ताजा आहे.

नवीन होतो तेव्हा असा एक अभ्रा धुतला आणि पुढच्या दोरीवर वाळत घातला. डाग पुरता गेला नव्हता. ज्यांचा होता त्या बाई समोरच चहा घेत होत्या. त्यांनी अभ्र्याकडे बघितलं, त्यांच्या मिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि जेवून निघणारी गाडी जेवणाआधीच फाटकाबाहेर पडली. मला वाटलं आपली नोकरी गेली. माझं असंच आहे. दूध उतू गेलं तरी मला आधी नोकरीच गेल्यासारखी वाटते. त्या आठवड्यात मी कर्जतच्या बाजारातून गडद लाल अभ्रे आणले आणि वयस्कर पाहुण्यांच्या खोल्यांत घातले. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर कुणी जेवायच्या आधी गेलं नाही.

हे लिहायला मला आमच्या वाचनालयाच्या सरांनी बसवलं. मी म्हणालो, "सर, मी सातवी सोडलेला माणूस." ते म्हणाले, "मग आठवीपासून पुढचं लिही." म्हणून लिहितो.

मी मूळचा किनवटकडचा. इथून आमचं गाव इतकं लांब आहे की आईला फोनवर "कर्जत कुठं आलं रे?" हे अजून समजावून सांगावं लागतं. या बंगल्याच्या बांधकामावर बिगारी म्हणून आलो. बंगला उभा राहिला, मिस्त्री दुसऱ्या साइटला गेला आणि मी राहिलो, कारण मालकीणबाईंनी, म्हणजे नंदिनी मॅडमनी, विचारलं, "तुला मोटार चालू करता येते का, पाण्याची?" मी हो म्हणालो. येत नव्हती. पण येईल असं वाटत होतं, आणि दुपारपर्यंत आलीसुद्धा. त्या एका "हो"वर माझं लग्न झालं, संसार झाला, मुलगी कॉलेजात गेली. मॅडमचे उपकार मी मोजत नाही. मोजायला बसलो तर स्विमिंग पूल कोण साफ करेल?

केअरटेकरचं काम म्हणजे काय, असं लोक विचारतात. झाडलोट, मोटार, जनरेटर, पूल, कधी साप, कधी त्याहून अवघड पाहुणे. एका साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "उत्तम, ते बेडूक जरा बंद कर." मी "बघतो साहेब" म्हणून बाहेर गेलो, तळ्याकाठी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत येऊन म्हणालो, "सांगितलंय त्यांना." साहेब शांत झोपले. आणखी एका साहेबांचे दात पुलाच्या जाळीत सापडले. वरचे सगळे. ते साहेब सकाळपासून तोंड मिटून, फक्त मान हलवून बोलत होते. मी दात धुतले, झाकणाच्या वाटीत ठेवले, नाश्त्याच्या ट्रेमध्ये लोणच्याच्या शेजारी ती वाटी ठेवली आणि पाठ करून उभा राहिलो. झाकण उघडल्याचा आवाज आला, झाकण लागल्याचा आवाज आला, आणि मागून साहेबांचा मोकळा आवाज आला, "उत्तम, पोहे छान झालेत."

पण आमच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दिवा. डोक्यावरून पडणारा पांढरा दिवा माणसाच्या डोळ्यांखाली खड्डे खणतो. जेवणाच्या टेबलावर आधी तसला दिवा होता आणि पाहुणे पटापट जेवून खोलीत जायचे. मला वाटायचं माझ्या बायकोच्या, संगीताच्या, हातचं आवडत नाही. तिलाही तसंच वाटायचं आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. एकदा तो दिवा गेला म्हणून मी कोपऱ्यात जुना पिवळा दिवा लावला, आणि त्या दिवशी तीच माणसं, तीच आमटी, पण कुणी उठेचना. हसतायत, एकमेकांकडे बघतायत. तेव्हापासून बंगल्यात सगळे दिवे पिवळे, आणि तेही छातीच्या उंचीवर. आमच्या भांडणाचं एक कारण कमी झालं.

मॅडमचे पाहुणे म्हणजे तसे सगळे नाववाले. त्या स्वतः तरुणपणी साबणाच्या आणि साड्यांच्या जाहिरातीत होत्या. हॉलमध्ये त्यांचा एक मोठा फोटो आहे, धबधब्याखालचा. वाडीतल्या बायका कामाला आल्या की त्या फोटोकडे बघून म्हणतात, "भिजली बिचारी." मॅडमचं मित्रमंडळ महिन्यातून एकदा इथं जमायचं. जाहिरातीच्या फिल्म करणारे सरदेसाई साहेब, लीना मॅडम, एक निवृत्त कॅप्टन, असे. लीना मॅडमनी गालांवर काहीतरी करून घेतलं होतं. त्यामुळे त्यांचं हसू ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. पण स्वभावानं लाख माणूस. आमच्या मुलीची पहिली फी त्यांनीच भरली.

पुढे कुणाचे गुडघे, कुणाची पाठ, कुणी अमेरिकेत मुलाकडे. येणं कमी होत गेलं. मी दर महिन्याला लाल अभ्रे घालायचो आणि न वापरलेलेच काढायचो. मग एका दुपारी मॅडम एकट्याच आल्या आणि व्हरांड्यात बसून म्हणाल्या, "उत्तम, आदित्य म्हणतोय विकून टाक." आदित्य म्हणजे त्यांचा मुलगा. "कोण येतं आता इथं? या शनिवारी सगळ्यांना बोलावलंय, शेवटचं. रंग भरला तर ठेवते. नाहीतर सोमवारी त्याला हो म्हणून सांगते."

मी स्वयंपाकघरात येऊन संगीताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही, पण भाकरी अशी मोठी झाली की तव्याबाहेर आली.

शनिवारसाठी सरदेसाई साहेबांनी सिनेमा ठरवला होता. फोनवर मला सगळं सांगितलं. "प्रोजेक्टर मी आणतो. तू लॉनवर मोठा पांढरा पडदा बांध. इटालियन सिनेमा आहे, उत्तम. मोठमोठ्या लोकांच्या पार्ट्या, आणि त्यात एक म्हातारा सौंदर्य शोधत फिरतो."

"सापडतं का, साहेब?"

"तेच तर बघायचंय."

पडदा मी कशेळ्याच्या मंडपवाल्याकडून आणला. पातळ कापड, पण पांढरं स्वच्छ. लॉनच्या टोकाला दोन चिकूंच्या मध्ये ताणून बांधला. आठवडाभर वरच्या वाडीच्या बायका गवत काढायला आणि पूल घासायला येत होत्या. त्यांची पुढारी ठमामावशी. पडदा बांधताना ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"काय रं उत्तमा, सिनेमा हाय का?"

"हो मावशी. पाहुण्यांसाठी."

"मंग आमी बी बगू की."

इथं दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे मॅडमचा नियम. पाहुणे असताना बाहेरचं कुणी लॉनवर येता कामा नये. दुसरी गोष्ट माझ्या गावची. आमच्याकडे जयंतीला चावडीपुढे पडदा लावायचे, तेव्हा माणसं दोन्ही बाजूंनी बसायची. पुढं जागा मिळाली नाही की मागं. मागून सगळं उलटं दिसतं, डावखुरा हिरो दिसतो, एवढंच. मी तर लहानपणचे सगळे सिनेमे मागूनच बघितले. आमच्या गावात पडद्याची मागची बाजू कुणाच्याच मालकीची नसते, तिथून कुणी कुणाला उठवत नाही. ज्या बायकांनी हातांनी लॉन साफ केलं त्यांना नाही म्हणणं मला जमेना. मी विचार केला, पडदा लॉनच्या टोकाला आहे. पडद्याच्या मागे म्हणजे लॉन संपलं. नियम मोडत नाही. मी म्हणालो, "मावशी, मागच्या कुंपणाच्या फटीतून या, मागं बसा. पण आवाज नाही करायचा."

"आमी कवा आवाज केला रं?" असं ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की चिकूवरचे पोपट उडाले.

शनिवारी सगळे आले. सरदेसाई साहेब, लीना मॅडम, कॅप्टन आणि आणखी सातआठ जण. मी सगळे दिवे पिवळे, सगळे खाली, उशांना सगळे गडद अभ्रे, अशी जय्यत तयारी केली होती. अंधार पडल्यापडल्या सिनेमा सुरू झाला. पुढं खुर्च्यांवर पाहुणे, मागं गवतावर वाडी. मध्ये एक पातळ कापड, आणि चिकूला टेकून मी, दोन्हीकडचं दिसेल असा.

सिनेमात काय होतं ते सांगतो. एक छान कोट घातलेला म्हातारा. त्याच्या शहरात जुने पुतळे, कारंजी. तो एका पार्टीतून दुसऱ्या पार्टीत जातो. तिथं म्हाताऱ्या माणसांनी रंगीत कपडे घालून नाचायचं, मग खुर्चीत बसून दम खायचा, मग कुणीतरी एक वाक्य बोलायचं की सगळे गप्प. आवाज इटालियन, खाली अक्षरं इंग्रजी. पुढचे पाहुणे एकदम गंभीर. सरदेसाई साहेब मधूनमधून "वा" म्हणत होते, पण तो "वा" देवळातल्यासारखा हळू. मॅडम तर पडद्याकडे कमी आणि पाहुण्यांकडे जास्त बघत होत्या. कॅप्टनची मान पुढं पडली होती. रंग काही भरत नव्हता. मला सोमवार दिसायला लागला.

तेवढ्यात सिनेमातल्या एका जाड बाई नाचता नाचता सोफ्यावर बसल्या आणि पडद्यामागून खसखस आली. मग चांगलंच हसू आलं.

मॅडमनी मान वळवली. "उत्तम, कोण हसतंय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, सिनेमातलंच आहे."

सरदेसाई साहेब म्हणाले, "साउंड चक्क मागून येतोय! हे बरं जमवलंस."

मी चिकूला घट्ट धरून उभा राहिलो. म्हातारा पुढच्या पार्टीत गेला. तिथं मिरवणूक, बँड. मागून ठमामावशीचा आवाज आला, दबका, म्हणजे तिच्या हिशेबानं दबका, "ह्ये तिसरं लगीन गं!" आणि पुन्हा हसू. पुढं कॅप्टन जागे झाले आणि म्हणाले, "हा डायलॉग मराठीत होता का?"

आणि लाइट गेली.

आता आमच्याकडे लाइट जाणं ही काही बातमी नाही. मी धावत जाऊन जनरेटर मारला. पण जनरेटरला आणखी एक गोष्ट जोडलेली होती. मागे बिबट्याची आवई उठली तेव्हा वायरमननं पाण्याच्या टाकीवर एक पांढरा हॅलोजन बसवला होता, वाडीतला बैल इथून दिसावा एवढा प्रखर. पाहुणे असले की मी आधी त्याचा फ्यूज काढून ठेवतो. त्या दिवशी पडदा, अभ्रे आणि सोमवार यांच्या नादात तो राहिला. जनरेटर धडधडला आणि टाकीवरचा हॅलोजन पेटला. टाकी पडद्याच्या मागे. हॅलोजन आणि पडदा यांच्या मध्ये वाडी.

पुढं पाहुण्यांना काय दिसलं असेल विचार करा. इटालियन म्हातारा गेला आणि त्याच्या जागी, पूर्ण पडदाभर, ठमामावशीची सावली. ती हातावर मिश्री घेऊन दात घासत होती. सावकाश. शेजारी दुसरी सावली तिसरीच्या डोक्यातल्या उवा बघत होती.

 मग सरदेसाई साहेब खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, "ओ हो हो. काय फ्रेम आहे! यालाच म्हणतात दिग्दर्शन."

सावलीनं बोट तोंडातून काढलं आणि ती बोलली, "उत्तमा, मेला का रं तुजा सिनेमा?"

मी फ्यूज काढायला पळालो. पळताना पाय पडद्याच्या दोरीत अडकला. मी पडलो, चिकूची गाठ सुटली आणि पडदा सगळा माझ्यावर आला. कापडाखाली पडल्या पडल्या मला एकच कळलं, की आता त्या दोघांच्या मध्ये काहीच नाही. डोकं बाहेर काढलं. इकडं खुर्च्यांवर पाहुणे, तिकडं गवतावर वाडी, आणि सगळ्यांच्या तोंडावर तो बिबट्याचा पांढरा दिवा. इतकी वर्षं जपलेलं सगळं एका क्षणात उघडं. डोळ्यांखालचे खड्डे, केसांच्या मुळाशी पांढरी रेघ, मानेच्या घड्या. लीना मॅडमनी ओढणी तोंडापुढं धरली. मॅडमनी हात कपाळावर आडवा धरला, दिव्यासाठी की आणखी कशासाठी ते मला कळलं नाही. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला लागलो.

मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "उत्तम. ह्या कोण आहेत?"

 उत्तर ठमामावशीनं दिलं. ती उठून सरळ खुर्च्यांपाशी आली.

"आमी गवत काढनाऱ्या, बाय. तू मालकीन का? मला येक सांग. त्यो कोटवाला म्हातारा येवढ्या लग्नांना जातो, येवढं वाजतं, येवढं नाचत्यात. पन नवरी कुटं हाय?"

कॅप्टन सरदेसाई साहेबांकडे बघायला लागले.

"आमी कवाच्या बगतोय. दर लग्नाला वाटतं, आता येल. नवरीच नाय येत. त्यो बी तिलाच बगत फिरतोय का काय?"

सरदेसाई साहेबांनी चष्मा काढला. "तिलाच," ते म्हणाले. "हो. तिलाच."

"मंग गावतं का?"

"मला वाटतं... नाही."

"ह्या वयात कुटनं गावनार!" ठमामावशी म्हणाली. "पैलंच बगायला होवं व्हतं."

पहिलं हसू कुणाचं फुटलं ते मला नक्की माहीत आहे, कारण मी समोरच कापडात गुंडाळलेला होतो. ते लीना मॅडमचं. ओढणी खाली आली, खांदे हलायला लागले, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचं हसू गालांवर चढून डोळ्यांतून पाणी काढताना बघितलं. मग कॅप्टन, मग सगळेच.

मॅडम मात्र हसल्या नव्हत्या. ठमामावशी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं जे विचारलं ते त्या मंडळात कुणी कुणाला कधी विचारलं नसेल. "बाय, तुजं वय काय गं?"

मी डोळे मिटले.

"तुमचं किती?" मॅडमनी विचारलं.

"मला काय ठावं. भिताडावरच्या फोटूत तू भिजलीस ना, तवाची असशील तेवडी माज्या थोरलीची पोर हाय आता."

"म्हणजे आपण एकाच वयाच्या असू."

"असू. पन तुजं क्यास बग कसं काळंभोर. काय लावतीस?"

मॅडमनी कपाळावरचा हात खाली घेतला. पांढरा दिवा सरळ तोंडावर येऊ दिला. आणि जाहिरातीत साबणाचं नाव घ्यावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "कलप."

"आगं बाय! ह्ये काळं न्हवं व्हय तुजं?"

"नाही. ह्यांचंही नाही," मॅडम कॅप्टनकडे बोट करून म्हणाल्या. कॅप्टननी उभं राहून सलाम केला. मग जे सुरू झालं ते मी कसं सांगू? कुणी गुडघा नवा घातल्याचं दाखवलं, तो वाडीच्या बायकांनी दाबून बघितला. त्या वाटीतल्या दातांच्या साहेबांनी तर ते काढूनच दाखवले. लहान पोरींसारख्या सगळ्या बायका ओरडल्या. संगीता स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

पडदा पुन्हा बांधला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मधोमध बांध. चार खुर्च्या मागं टाक." त्या खुर्च्यांवर कुणी बसलंच नाही, सगळे गवतावर बसले. पुढच्या बाजूला शेवटी एकटे सरदेसाई साहेब उरले, कारण त्यांना इंग्रजी अक्षरं सरळ हवी होती. मग थोड्या वेळानं तेही मागं आले. वाडीच्या बायकांना नवरी न आल्याचं शेवटपर्यंत वाईट वाटलं.

सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा मॅडम व्हरांड्यात फोनवर होत्या. मी दाराआड थांबलो. कपबश्या वाजू नयेत म्हणून मी त्या अंगठ्यांनी दाबून धरल्या. मॅडम म्हणत होत्या, "नाही आदित्य, या महिन्यात नाही जमणार विकायला. पुढच्या महिन्यातही नाही. वाडीला कबूल केलंय, पुढचा सिनेमा नवरी असलेला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उत्तम, आत ये. आणि टाकीवरचा तो दिवा काढून टाक, भयंकर आहे."

दिवा मी काढला नाही. बिबट्या कधीही येऊ शकतो. पण फ्यूज आता कधी विसरत नाही.

तेव्हापासून महिन्यातून एकदा पडदा मधोमध लागतो. ठमामावशीनं कशेळ्याच्या बाजारातून कलप आणला. निम्मा केसांना आणि निम्मा कानांना लागला होता, पण मॅडमनी तिला पहिल्या रांगेत बसवलं. ती मला म्हणाली, "बग रं, आता नवरी म्हनून उबी र्‍हाऊ का?"

मागच्या पंधरवड्यात मीही कलपाची एक पुडी आणली. संगीताला सांगितलं नाही. पंपाच्या खोलीत आरशाच्या तुकड्यापुढं बसून लावला आणि डोकं टोपीत घालून घरी गेलो. जेवताना टोपी काढली. तिनं बघितलं, भाकरी वाढली, आमटी वाढली, मुलीच्या परीक्षेचं बोलली. केसांचा विषय नाही. मला वाटलं, तिला दिसलंच नाही, आमच्या खोलीतही पिवळाच दिवा आहे ना.

झोपायला गेलो, तर माझ्या उशीला गडद लाल अभ्रा.

मीही काही विचारलं नाही.